दुपारी दोनला फिसकटलेला दिवस परत रुळावर कसा आणायचा

सकाळी उठून मस्त यादी करायची, अकरा कामं, प्रत्येकासमोर टिक करायला छोटा चौकोन, वर तारीख, आणि दुपारी दोनला बघावं तर त्यातली दीड कामं झालेली. मग "गेला आजचा दिवस" म्हणून फोन उघडायचा आणि उद्यापासून नक्की. उद्या परत पहिले पाढे पंचावन्न. मी हे कितीतरी वर्षं केलंय. तीन प्लॅनर विकत घेतले, तिन्हींची पहिली वीसेक पानं भरलेली आणि पुढची कोरी करकरीत. अ‍ॅप्सचं तर विचारूच नका.

खूप उशिरा लक्षात आलं की यादी करायला मला छान जमत होतं, माझं घोडं अडायचं ते यादी मोडल्यावर. दिवस कुठेतरी फिसकटणार हे धरूनच चालायचं आणि फिसकटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तर हे सगळं त्याबद्दल आहे. वही-पेन पुरतं, आणि यात पहाटे पाचला उठा वगैरे काही नाही, मी स्वतः उठत नाही.

आधी तीन दिवस नुसतं मोजा

पहिले तीन दिवस काहीही सुधारायला जाऊ नका. जसं चाललंय तसं चालू द्या, फक्त काम सुरू करताना समोर लिहा "किती वेळ लागेल असं वाटतंय" आणि संपल्यावर घड्याळ बघून "किती लागला". बास. हे बोअर आहे, पण हे नाही केलं तर पुढचं सगळं हवेत.

माझ्याच वहीतलं एक उदाहरण देते. लिहिलं होतं "महिन्याचा रिपोर्ट पाठवणे, १ तास". सुरू केलं १०:०५ ला. मागच्या महिन्याची फाईल शोधण्यात १२ मिनिटं, कारण ती 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन २' अशा तीन नावांनी पडली होती. मग एका ठिकाणी पासवर्ड चालेना, तो रीसेट करण्यात ८ मिनिटं. मग दोन आकडे जुळेनात म्हणून एकाला मेसेज टाकला आणि उत्तर येईपर्यंत "जरा बघू" म्हणत बातम्या उघडल्या त्यात २५ मिनिटं कुठे गेली कळलंच नाही. प्रत्यक्ष रिपोर्ट लिहायला ५० मिनिटं. पाठवायच्या आधी परत एकदा वाचायला १५. संपलं ११:५५ ला, म्हणजे १ तास ५० मिनिटं.

आता गंमत बघा, लिहायला लागणाऱ्या वेळाचा माझा अंदाज चुकला नव्हता, उलट दहा मिनिटं कमीच लागली. चुकलं हे की मी नुसतं लिहिणंच मोजलं होतं. शोधणं, वाट बघणं, परत वाचणं हे सगळं माझ्या हिशोबात कामच नव्हतं.

ही काही माझी एकटीची खोड नाही. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सर्रास कमी धरतात, आधी तसंच काम करताना जास्त वेळ लागल्याचं माहीत असूनसुद्धा. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, त्यांना असंही विचारलं होतं की समजा सगळंच उलटं-पालटं झालं तर किती लागतील, तर तो वाईटात वाईट अंदाजसुद्धा ४८.६ दिवसांचाच होता. म्हणजे आपण मुद्दाम वाईट विचार करायला बसलो तरी पुरेसा वाईट विचार करत नाही.

म्हणून डोक्याला विचारायचंच नाही, वहीला विचारायचं. मागच्या वेळी हेच काम केलं तेव्हा किती लागला? तोच आजचा अंदाज. तीन दिवसांत तुम्हाला तुमचा एक गुणक सापडतो. माझा साधारण पावणेदोन आहे, म्हणजे मला एक तास वाटलं की पावणेदोन तास धरायचे. सवयीच्या कामांना तो कमी, आणि जिथे दुसऱ्या कुणाच्या उत्तरावर अडून बसावं लागतं तिथे सरळ दुप्पट.

दिवस अर्धा रिकामा ठेवा, हो खरंच

आता आज तुमच्या हातात नक्की किती तास आहेत ते मोजा. "सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा म्हणजे नऊ तास" हा हिशोब शाळेतल्या गणितात ठीक आहे. त्यातून मीटिंगा काढा, जेवण काढा, येण्याजाण्याचा वेळ, रोजचे ठरलेले फोन, आणि एका कामातून उठून दुसऱ्यात बसायला लागणारी ती पाच-दहा मिनिटं, ती तर सगळेच विसरतात. बऱ्याच दिवशी नवातले साडेचार-पाचच उरतात. आणि त्यातलेही तीनच भरायचे.

हे वाचून पोटात गोळा येतो माहितीये. मलाही आला होता. पण जे दोन तास रिकामे ठेवले ते रिकामे राहतच नाहीत, काहीतरी येऊन त्यात बसतंच, फरक इतकाच की आता ते तुमच्या ठरलेल्या कामाच्या मानगुटीवर बसत नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हा जास्तीचा वेळ प्रत्येक कामात थोडा थोडा वाटून टाकू नका. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ मध्ये जे टोमण्यात लिहिलं होतं, की जितका वेळ हाताशी असेल तितकं काम फुगतं, ते अगदी खरंय. एक तासाच्या कामाला दोन तास दिले की ते काम दोन तास खातं, वर मध्येच फॉन्ट बदलत बसतो आपण. गुणक लावून जो प्रामाणिक वेळ आला तोच कामाला द्यायचा आणि बफर, म्हणजे हा मुद्दाम मोकळा ठेवलेला वेळ, वेगळा, सलग, दिवसात दोन ठिकाणी. मी एक जेवणाआधी अर्धा तास ठेवते आणि एक चारच्या आसपास तासभर.

आणि यादीत एका कामाला गोल करा. आज बाकी सगळं बोंबललं तरी हे झालं पाहिजे असं एकच काम. दोन गोल करायचा मोह होतो. एकच.

"बघणे" हा शब्द यादीतून हद्दपार

"विम्याचं बघणे". हे माझ्या यादीत चार महिने होतं. भिजत घोंगडं. बघणे म्हणजे काय करायचं? फोन करायचा, कागद शोधायचे, कुणाला विचारायचं? रोज ती ओळ वाचली की डोकं एक क्षण थांबायचं आणि पुढच्या ओळीवर सरकायचं. मग एक दिवस तेच असं लिहिलं: "निळ्या फाईलमधून पॉलिसीचा कागद काढून टेबलावर ठेवणे". दोन मिनिटांचं काम. ते झालं आणि कागद समोर दिसतोय म्हटल्यावर फोनही झाला.

तेव्हा बघणे, मार्गी लावणे, पूर्ण करणे, तयारी करणे असले शब्द दिसले की खोडा आणि हात पहिल्यांदा कुठे जाणार आहे ते लिहा. कुठली फाईल उघडायची, कुणाला फोन, कुठला कागद.

त्याला "कधी" जोडलं तर अजून बरं, पण घड्याळाला जोडण्यापेक्षा एखाद्या घटनेला जोडा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, १९९९ मधला त्याचा लेख याच विषयावर आहे. नुसतं "मी हे करणार" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करणार" असं ठरवलं तर ते होण्याची शक्यता चांगलीच वाढते. माझं असं आहे: लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी गोल केलेल्या कामाची फाईल. जेवून उठले की पहिला फोन. अकराचा ठोका कधी निसटून जातो कळत नाही, पण जेवण झालेलं कळतंच ना.

कुठलं काम कधी

यावर फार लिहीत नाही कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. डोकं ज्या दोन तासांत चालतं तेव्हा अवघड काम, जेवणानंतर सुस्ती येते तेव्हा फॉर्म भरणं, फाईली लावणं वगैरे. मीटिंगच्या आधी वीस मिनिटं उरली असतील तर मोठं काम उघडूच नका, त्या फटीसाठी छोट्या कामांची वेगळी चिठ्ठी ठेवा.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी हे पोमोडोरो बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकत असताना ते सुरू केलं, टोमॅटोच्या आकाराचा टायमर होता म्हणून नाव पोमोडोरो. कंटाळवाण्या कामाला एक नंबर. पण लिहिणं, कोडिंग, हिशोब जुळवणं असल्या कामात जरा कुठे गाडी रुळावर आलेली असते आणि तो टायमर वाजतो तेव्हा फेकून द्यावासा वाटतो. तिथे मी टायमर लावत नाही.

एका कामातून दुसऱ्यात उडी मारताना मात्र एक सवय लावून घ्या. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट काम सोडून दुसरं घेतलं की लक्षाचा एक तुकडा आधीच्याच कामात अडकून राहतो आणि नवं काम त्यामुळे मार खातं. म्हणून उठायच्या आधी अर्धं मिनिट घेऊन लिहायचं की कुठे थांबलो आणि पुढची पायरी कुठली. "तिसऱ्या तक्त्यातली शेवटची ओळ तपासायची, मग खालची बेरीज." इतकंच. परत आल्यावर दहा मिनिटं नुसतं स्क्रीनकडे बघत बसणं वाचतं.

दोन वाजताची डागडुजी

आता मुद्द्याचं. दोन वाजलेत, सकाळच्या प्लॅनचे बारा वाजलेत, आणि मनात दोनच आवाज येतायत, एक म्हणतो सोड आता, दुसरा म्हणतो आज रात्री एकपर्यंत बसून सगळं संपवू. दोघांचंही ऐकू नका. रात्री एकवाल्याचं तर अजिबात, तो उद्याचा दिवसही घालवतो.

पान उलटा. सकाळची यादी डोळ्यासमोर नको, ती बघितली की नुसती चुटपुट लागते. कोऱ्या पानावर आत्ताची वेळ लिहा. समजा २:१०. आज कितीला उठायचंय? समजा ५:१५. म्हणजे तीन तास पाच मिनिटं. तीनला पाऊण तासाची मीटिंग आहे, ती वजा, उरले दोन तास वीस मिनिटं. त्यातले पन्नास मिनिटं बफर, कारण दुपारीही काहीतरी येणारच. उरला दीड तास.

दीड तास. हा आकडा लिहून त्याला चौकट करा. आता गोल केलेलं काम झालंय का? नसेल तर तेच आधी, आणि गुणक लावून ते दीड तासात बसतंय का बघा. बसत नसेल तर त्याचा कुठला तुकडा आज नक्की होईल? तो तुकडा लिहा. बसून वर काही उरलं तर अजून एक छोटं काम, आणि झालं, यादी संपली. बाकीची सहा-सात कामं आज होणार नाहीत हे तुम्हाला दोनला कळलंय. हे सहाला कळण्यात आणि दोनला कळण्यात फार फरक आहे, कारण दोनला अजून लोकांना सांगता येतं.

तेच पुढचं पाऊल. जे काम आज कुणाला देतो म्हणाला होतात आणि देणार नाही आहात, त्या माणसाला आत्ता, दोन वीसला, मेसेज टाका. "ते कागद आज संध्याकाळी देणार होते, जमत नाहीये. उद्या अकरापर्यंत देते. त्याआधी लागणार असतील तर सांगा, मग दुसरं काहीतरी बाजूला ठेवते." लांबलचक कारणं नकोत, नवी वेळ मात्र नक्की हवी. मी आधी असं सांगायला लाजायचे, मग संध्याकाळी साडेसहाला तोंड लपवत "सॉरी सॉरी" करायचे. दोनला सांगितल्यावर आजवर कुणी माझ्यावर ओरडलेलं नाही, साडेसहाच्या सॉरीवर बरेच जण ओरडलेत.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला फोनवर रोज दोनचा अलार्म लावून ठेवा आणि प्लॅन छान चालला असेल तरी तो वाजला की एकदा बघा. छान चाललाय असं वाटणाऱ्या दिवशीही बऱ्याचदा आपण गोल केलेलं काम सोडून बाकीची सोपी सोपी उरकत बसलेलो असतो.

आणि हो, फिसकटलं कशामुळे ते दोन शब्दांत लिहा. माझ्या अनुभवात तीनच प्रकार येतात. एक, दुसऱ्याचं अचानक काम आलं. हे दर मंगळवारी येत असेल तर ते अचानक नाही, मंगळवारचा बफर वाढवा. दोन, काम लांबलं. गुणक वाढवा. तीन, आपणच फोनमध्ये घुसलो. इथे स्वतःला शिव्या घालण्यात अजून वीस मिनिटं घालवू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, निदान पाठीमागच्या शेल्फवर, हात लांब करून मिळणार नाही असा. टेबलावर उलटा ठेवणं याला मी ठेवणं म्हणतच नाही.

मधला एखादा दिवस पूर्णच वाया गेला तरी वही फेकायचं कारण नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला एक अभ्यास आहे, २०१० साली छापलेला, त्यात ९६ लोकांना एखादी नवी सवय रोज करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा पसारा निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. तेव्हा ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे विसरा.

"एक मिनिट आहे का?"

नसतं ते एक मिनिट कधीच. यावर माझं ठरलेलं वाक्य आहे, "आत्ता हातात एक आहे, चारला तुझ्याकडे येते, चालेल?" निम्मे प्रश्न चारपर्यंत आपोआप सुटलेले असतात. खरंच आग लागलेली असेल तर माणूस स्वतःच सांगतो की नाही नाही, आत्ताच. आणि स्वतःच्याच डोक्यातून जे उगवतं, अरे ते बिल भरायचं राहिलं, ते वहीच्या उजव्या समासात एका शब्दात लिहायचं आणि परत कामाला. समास बफरमध्ये उघडायचा.

दिवस बंद करताना

काम संपवून उठताना सात-आठ मिनिटं. झालेल्यांवर टिक. न झालेली पुढे ढकलताना त्याच्यासमोर एक बाण काढायचा, आणि नुसतं "उद्या" न लिहिता उद्या कधी आणि पहिली हालचाल कुठली तेही. यामुळे रात्री डोक्यात कामं फिरणं बरंच कमी होतं, मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांतही असंच दिसलं होतं, अपुरं काम सतत डोकं खातं पण त्याचा नेमका प्लॅन केला की ते गप्प बसतं, काम प्रत्यक्ष झालेलं नसलं तरी.

बाणांचा मात्र हिशोब ठेवा. एका कामाला तीन बाण लागले की चौथा काढायचा नाही. तिथल्या तिथे ठरवायचं: त्याचा छोटा तुकडा करून उद्या सकाळी पहिला, किंवा दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं, किंवा सरळ खोडायचं. खोडताना जीवावर येतं, पण तीन दिवस न करताही काही अडलं नाही ना?

माझ्याकडे "डावा ड्रॉवर आवरणे" ला परवा तिसरा बाण लागला. खोडलं. ड्रॉवर अजूनही अर्धाच उघडतो, पण आत काय आहे ते हात घालून सापडतं.